तवंदीचा चढ, दोन ट्रॉल्या आणि पाण्याचा आकडा

१२ फेब्रुवारी, निपाणी

काम असं आहे. मामांचा ट्रॅक्टर ४५ एचपीचा, तीन सिलिंडरचा. ऊस भरलेल्या दोन ट्रॉल्या लावून संकेश्वरकडे निघाला की तवंदी घाटाच्या मध्यावर पाण्याच्या तापमानाचा काटा लाल पट्ट्यात जातो आणि रेडिएटरच्या झाकणातून वाफ सुटते. ड्रायव्हर रायबागकडचा. त्याचा फोन आला की पहिलं वाक्य ठरलेलं: "बिसी आगैती, मालक." कानडीत, गाडी तापलीय. मग ट्रॅक्टर कडेला लावायचा, तासभर बसायचं, कॅनमधलं पाणी ओतायचं आणि पुढं जायचं. मागून येणाऱ्या ट्रकवाल्यांच्या शिव्या खायच्या ते वेगळंच.

हवा अजून तापलेली नाही. आज दुपारी सावलीत ३१ होती. हंगाम संपला की एप्रिल-मेमध्ये हाच ट्रॅक्टर अथणी तालुक्यात तेलसंग भागात पाण्याच्या टँकरला लावायचा ठरलाय, आणि तिकडं पारा ४० च्या वर जातो. ३१ ला उकळणारी गाडी ४१ ला काय करेल, ते सांगायला नको.

सल्ले मिळाले ते असे: मोठा रेडिएटर बसवा, समोर दुसरा पंखा लावा, इंजिन खोला. गाडी विका, हाही एक. मी यातलं काहीच आधी करणार नाही. आधी मोजायचं.

१४ फेब्रुवारी

मोजायला फार काही लागत नाही. टेम्परेचर गन आणली, लांबून नेम धरून तापमान मोजणारी. चकचकीत धातूवर ती खोटं दाखवते, म्हणून पाणी इंजिनातून बाहेर पडतं त्या थर्मोस्टॅटच्या (पाणी तापलं की उघडणाऱ्या झडपेच्या) घरावर काळ्या टेपचा तुकडा चिकटवला आणि रोज तिथंच नेम धरायचा असं ठरवलं. आतल्या पाण्यापेक्षा दोनेक अंश कमी दिसतं. चालतं, जागा बदलली नाही की तुलना खरी राहते. हवा मोजायला साधा थर्मामीटर, टपाच्या सावलीत बांधलेला.

जपायचा आकडा एकच: पाण्याचं तापमान वजा हवेचं तापमान. याला वहीत "फरक" म्हणतोय. कारण सोपं आहे. रेडिएटर पाण्याची उष्णता हवेला देतो, आणि किती देतो ते दोन्हींतल्या अंतरावर ठरतं. ओझं तेच, चढ तोच, गिअर तोच असेल तर हे अंतर जवळजवळ तेवढंच राहतं. हवा १० अंशांनी चढली की पाणीही १० अंशांनी चढतं. म्हणजे फेब्रुवारीत फरक मोजला की एप्रिलचा अंदाज आजच मिळतो. ऊन नवीन बिघाड करत नाही, असलेला उघडा पाडतं.

आजचा घाट: हवा ३१, पाणी ९६, वाफ सुरू. फरक ६५. पण हा आकडा पुरा नाही. निपाणी समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपास, इथं उघड्या भांड्यातलं पाणी ९८ च्या सुमारास उकळतं. उकळायला लागलं की तापमान तिथंच अडतं आणि जास्तीची उष्णता वाफ होऊन जाते. खरा फरक याहून मोठा असणार.

उद्दिष्ट: अथणीची हवा ४१ धरली आणि पाणी ९८ च्या पुढं जाऊ द्यायचं नाही, तर फरक ५७ हवा. दोन अंश गाठीला ठेवून ५५ लिहिलं.

एक गोष्ट आजच तपासून घेतली. इंजिन थंड असताना झाकण काढून चालू केलं आणि रेडिएटरच्या तोंडात बुडबुडे येतात का पाहिलं. हेड गॅस्केट, म्हणजे सिलिंडर आणि त्यांवरचं झाकण (हेड) यांच्यामधलं सील, फुटलं असेल तर सिलिंडरातला गॅस पाण्यात शिरून सारखे बुडबुडे येतात. नाहीत. ऑइलची पट्टी पाहिली, दुधाळ नाही, म्हणजे ऑइलात पाणी शिरलेलं नाही. म्हणजे इंजिन खोलायचा सल्ला बाजूला.

१७ फेब्रुवारी

झाकण. शंभर-दोनशे रुपयांची ही वस्तू, आणि तिच्याकडे कुणी बघत नाही. रबराला चिरा, स्प्रिंग बोटानं दाबली तरी बसते. रेडिएटरवाल्यानं हातपंपाच्या टेस्टरवर लावून दाखवलं, दाब धरतच नव्हतं. नवं आणलं, जुन्यावर होतं त्याच दाबाचं, ०.५ बार. जास्त दाबाचं लावलं तर जुन्या नळ्या आणि झाळलेले सांधे फुटतील.

अर्धा बार दाब धरला की आपल्याकडे साधं पाणीसुद्धा ११० च्या आसपास उकळतं. म्हणजे बारा अंशांची सवड मिळाली. पण झाकणानं उष्णता कमी होत नाही, फक्त उकळणं लांबतं. आजच्या घाटात ते डोळ्यांसमोर आलं: वाफ नाही, पण पाणी १०१. फरक ७०. मामा म्हणाले, "अरे, नवीन झाकण घालून आकडा वाढलाच की!" त्यांना समजावलं की वाढला नाही, आधी लपला होता तो दिसला. पटलं नाही. त्यांच्या मते गाडी उकळली नाही म्हणजे काम झालं.

२२ फेब्रुवारी

बाहेरची सफाई. यात दोन भाग, आणि पहिला भाग यांत्रिक नाही, घरगुती आहे.

ट्रॅक्टरच्या तोंडावर जाळीपुढं प्लायवूडची रंगवलेली फळी आहे. देवीचं नाव, मामांच्या दोन्ही पोरांची नावं, खाली "वाट बघा". वर प्लास्टिकच्या फुलांची माळ. ऊस वाहणाऱ्या प्रत्येक ट्रॅक्टरला आमच्याकडं असं काहीतरी असतंच. फळीनं जाळीचा निम्मा भाग झाकलाय. काढू या म्हटल्यावर ड्रायव्हर म्हणाला, "फळी काढलासा तर गाडीला तोंडच ऱ्हाईत न्हाई, मालक." पुष्कळ घासाघीस झाली. शेवटी फळी टपाच्या पुढच्या कडेला चढवली. आता लांबून आणखी चांगली दिसते हे त्यानंच कबूल केलं.

दुसरा भाग रेडिएटरच्या पानांचा, म्हणजे नळ्यांमधल्या पातळ धातूच्या पत्र्यांचा. बाहेरून पाहिलं तर जाळी स्वच्छ. बॅटरी सरकवून मागं टॉर्च मारला तर पाचटाचा चुरा, उसाची कुसं, धूळ यांचा गालिचा. त्यातही खालचा भाग तेलकट, कारण पुढच्या ऑइल सीलमधून बारीक गळती होती आणि पंखा ते तेल उडवत होता. तेलावर धूळ बसली की ती नुसत्या हवेनं निघत नाही. आधी डिझेलचा ब्रश, मग कपड्याच्या साबणाचं पाणी, मग साधं पाणी. पाणी आणि हवा दोन्ही इंजिनाकडून पुढं मारायचे, म्हणजे घाण आली त्या वाटेनं परत जाते. समोरून मारलं तर ती आणखी आत ठासते. सर्व्हिसिंगवाल्याचा प्रेशर पंप जवळून मारला तर पानं आडवी होतात आणि मग हवा कायमची बंद. वाकलेली पानं पातळ पट्टीनं एकेक सरळ केली. वेळखाऊ काम, रेडिओ लावून केलं. ऑइल सीलही बदललं, नाहीतर आठ दिवसांत पुन्हा तेच.

घाट: हवा ३२, पाणी ९५. फरक ६३.

२६ फेब्रुवारी

आतली बाजू. गरम इंजिन असताना गननं रेडिएटरवर आडवं-उभं फिरत गेलो. वरून खाली तापमान हळूहळू उतरायला हवं. डाव्या खालच्या कोपऱ्यात एकदम थंड डाग, हाताएवढा. तिथल्या नळ्यांतून पाणी फिरतच नाही.

कारण गोठ्यामागं आहे, बोअरच्या पाण्यात. त्या पाण्याची घागर वर्षभरात पांढरी होते, तर रोज तापणाऱ्या नळीचं काय झालं असेल. क्षाराचा थर धातूच्या मानानं उष्णता फारच कमी जाऊ देतो, आणि तो फक्त रेडिएटरमध्ये नसतो, सिलिंडरच्या भोवतीही असतो. घाटात वाफ गेली की कॅनमधून तेच बोअरचं पाणी ओतायचं. पाणी उडून जातं, क्षार मागं राहतो. गाडी जितकी उकळते तितका थर वाढतो, आणि थर वाढला की आणखी उकळते.

रेडिएटर उतरवून निपाणीत दुरुस्तीला दिला. तांब्या-पितळेचा जुना माल आहे हे नशीब. वरची टाकी झाळ सोडवून काढली आणि नळ्यांतून सपाट सळई मारली. ॲल्युमिनियम आणि प्लास्टिकच्या टाकीचा नवा रेडिएटर असता तर हे जमलं नसतं.

इंजिनासाठी सायट्रिक ॲसिड. लिटरला ५० ग्रॅमच्या हिशेबानं कोमट पाण्यात विरघळवून भरलं, इंजिन अर्धा तास मंद चालवलं, सोडलं. चहासारखं पाणी आलं. मग खायच्या सोड्याचं पाणी फिरवून आम्ल मारलं आणि स्वच्छ पाणी येईपर्यंत धुतलं. एका मिस्त्रीनं संडास धुवायचं ॲसिड सुचवलं होतं. ते थर काढतं खरं, पण त्याबरोबर धातू आणि झाळसुद्धा खातं.

आणि थर्मोस्टॅटच्या घरात थर्मोस्टॅटच नाही! मागं कधीतरी कुणीतरी काढून फेकलाय. आपल्या भागात हा सर्रास तोडगा आहे: गाडी तापते, थर्मोस्टॅट काढा. या इंजिनात पाण्याला दोन वाटा आहेत, एक रेडिएटरची आणि एक जवळची बायपासची, जी रेडिएटर टाळून परत पाण्याच्या पंपाकडे येते. थर्मोस्टॅट पूर्ण उघडला की त्याचाच खालचा भाग बायपास बंद करतो. थर्मोस्टॅट नसेल तर बायपास कायम उघडी. मग गरम पाण्याचा एक वाटा थंड न होताच इंजिनात परत. म्हणजे काढल्यानं थंडीत इंजिन लवकर तापत नाही, डिझेल जास्त खातं, आणि चढावर नेमकं उलटं होतं, जास्त तापतं.

नवा, ८२ अंशांना उघडायला लागणारा आणला आणि बसवण्याआधी उकळून पाहिला. वहिनींनी स्वयंपाकघरातलं पातेलं द्यायला साफ नकार दिला, म्हणून रंगाचा रिकामा डबा. दोऱ्यानं टांगायचा, तळाला टेकू द्यायचा नाही, शेजारी थर्मामीटर. ८२ ला जीभ बाहेर काढायला सुरुवात, ९३ ला पूर्ण उघडा. चांगला आहे.

५ मार्च

कूलंट, म्हणजे रेडिएटरच्या पाण्यात मिसळायचं द्रव. इथं मत द्यायला मला आवडेल, कारण बाटलीवरचा सल्ला बर्फ पडणाऱ्या मुलखाला जास्त लागू आहे. ग्लायकॉल (कूलंटमधला मुख्य घटक) निम्मं आणि पाणी निम्मं हे मिश्रण गोठत नाही आणि उशिरा उकळतं, पण नुसत्या पाण्यापेक्षा उष्णता थोडी कमी वाहून नेतं. आपल्याकडं गोठायचा प्रश्नच नाही. आपल्याला हवा तो गंज आणि क्षार रोखणारा गुण. म्हणून एक भाग कूलंट, दोन भाग डिस्टिल्ड पाणी. याहून पातळ केलं तर गंजापासूनचं संरक्षण जातं. काही बाटल्यांत पाणी आधीच मिसळलेलं असतं, त्यात आणखी घालायचं नाही, लेबल वाचायचं. हिरवं आणि लाल, दोन जातींचं एकत्र करायचं नाही.

भरताना घाई केली की आत हवेचा फुगा अडकतो. झाकण उघडं ठेवून इंजिन मंद चालवलं, थर्मोस्टॅट उघडल्यावर पातळी खाली गेली, पुन्हा भरलं.

कॅनमधलं बोअरचं पाणी ओतून टाकलं आणि कॅनवर पांढऱ्या रंगात लिहिलं: फक्त डिस्टिल्ड.

घाट: हवा ३४, पाणी ९१. फरक ५७.

१२ मार्च

पंखा. ट्रॅक्टरला समोरून येणाऱ्या वाऱ्याचा फायदा जवळजवळ नाहीच. घाटात ताशी सहा-आठ किलोमीटरनं चालणाऱ्या गाडीला कसला वारा? जी काही हवा ती पंख्याची.

पंखा आणि वॉटर पंप फिरवणारा पट्टा काचेसारखा चकचकीत झालेला. असा पट्टा ओरडतोच असं नाही, गुपचूप घसरतो. नवा घातला, दोन पुलींच्या मध्ये अंगठ्यानं दाबला तर १० ते १२ मिलिमीटर दबेल इतका ताणला. फार ताणला तर वॉटर पंपाचं बेअरिंग जातं.

खरी गंमत श्राउडमध्ये निघाली. पंख्याभोवतीचं हे कवच खालून अर्धं तुटून गेलेलं. कवच नसलं की पंखा रेडिएटरमधून हवा ओढण्याऐवजी कडेची, इंजिनाजवळची गरम हवाच घुसळत बसतो. फॅब्रिकेशनवाल्याकडून पत्र्याचं नवं करून घेतलं. पात्यांची निम्मी रुंदी कवचाच्या आत आणि निम्मी बाहेर, कडेनं बोटभर-दीड बोट मोकळी जागा. इंजिन हलतं, त्यामुळे याहून जवळ घेतलं तर पाती कवचाला लागतील.

रेडिएटर आणि बॉनेटच्या मध्ये दोन्ही बाजूंना फटी होत्या. तिथून इंजिनाकडची तापलेली हवा फिरून पुन्हा जाळीपुढं येते. ३५ च्या हवेत रेडिएटरला ४२ ची हवा मिळत असेल तर बाकीचं सगळं करून काय उपयोग. जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापून फटी बुजवल्या. खर्च शून्य.

खालची नळीही बदलली. पंप त्या नळीतून ओढतो, आत स्प्रिंग नसेल आणि रबर मऊ पडलं असेल तर आरपीएम वाढल्यावर ती चपटी होते. उभ्या गाडीत सगळं ठीक दिसतं, चढावर पाणी बंद.

घाट: हवा ३५, पाणी ८८. फरक ५३. उद्दिष्टाच्या खाली आलो. शिवाय ८८ ला थर्मोस्टॅट अजून पूर्ण उघडलेला नसतो, म्हणजे हाताशी आणखी थोडी सवड आहे.

मामा म्हणाले झालं. माझ्या मते निम्मं झालं. उष्णता बाहेर टाकायचं काम बघितलं, उष्णता तयारच का होते ते अजून बघितलेलं नाही.

१८ मार्च

वजनकाट्याची पावती घेतली आणि हिशेब मांडला. ट्रॅक्टर, दोन ट्रॉल्या आणि ऊस मिळून १८ टन. चढ पाच टक्के धरला, म्हणजे शंभर मीटरला पाच मीटर. नुसतं वर चढवायला ९०० किलोची ओढ. चाकं लोळवायला दोन टक्के, म्हणजे ३६० किलो. एकूण १२६० किलो. ताशी ८ किलोमीटरनं जायचं तर चाकांपाशी ३७ एचपी लागते. ४५ एचपीच्या इंजिनातून गिअरबॉक्सची तूट जाऊन चाकांना मिळते जेमतेम तेवढीच. म्हणजे सबंध घाटभर इंजिन शेवटच्या टोकाला. तोच घाट ताशी ६ नं चढला तर २८ एचपी. दोन किलोमीटर वेग सोडला की पाव भाग उष्णता कमी.

डिझेलमधल्या उष्णतेतला ढोबळ एक तृतीयांश कामाला लागतो, एक तृतीयांश धुरातून जातो आणि उरलेला बहुतेक पाण्याच्या वाटेला येतो. चाकांना जितकी एचपी, जवळपास तितकीच रेडिएटरला. हे डोक्यात बसलं की वेगाचा हट्ट आपोआप सुटतो.

ड्रायव्हरशी बसून गिअर ठरवला. ट्रॅक्टरला गिअरचे दोन संच असतात, हाय वेगाचा आणि लो ओढीचा. तो हाय पहिल्यात, १३०० आरपीएमवर इंजिन दाबत चढायचा. "आवाज कमी, डिझेल कमी," हे त्याचं गणित. पण पंखा आणि वॉटर पंप दोन्ही इंजिनाच्या वेगावर फिरतात. १३०० वर दबलेलं इंजिन उष्णता पुरेपूर तयार करतं आणि हवा निम्मी-शिम्मी ओढतं. लो तिसऱ्यात १९०० वर ठेवलं तर हवा जवळजवळ दीडपट. गिअर पायथ्यालाच टाकायचा, मध्यावर गाडी दबल्यावर नाही. भरल्या ट्रॉल्यांनी चढावर गिअर चुकला तर तापण्यापेक्षा मोठं संकट मागं उभं राहतं.

खेप संपल्यावर गन ट्रॉल्यांच्या हबवर मारली. बाकीचे ४५ च्या आसपास, मागच्या ट्रॉलीचा डावा ७८. बेअरिंग आवळलेलं, ग्रीस सुकलेलं. टायरमध्येही हवा कमी. एक चाक अडत असेल तर ते वजन काट्यावर दिसत नाही, पण इंजिन ते ओढतच असतं.

ऊस कमी भरा हे मी बोललो. टनावर पैसे मिळतात, त्यामुळे ते कुणी ऐकणार नाही हेही मला ठाऊक होतं. तरी वहीत लिहून ठेवतो: दोन टन कमी भरले असते तर श्राउड, पट्टा आणि नळी यांच्याइतका फरक फुकटात पडला असता.

लो तिसऱ्यात घाट: हवा ३६, पाणी ८५. फरक ४९.

२४ मार्च

चढावर काळा धूर. ड्रायव्हरला त्याचा अभिमान आहे, मला शंका. इंजिनाला डिझेल सोडणारा पंप काढून तपासणीच्या बेंचवर लावला. पंप वाढवलेला निघाला, ठरल्यापेक्षा जास्त डिझेल सोडत होता. ही करामत गाडी सेकंडहँड घेतली त्याआधीची असावी. जास्तीचं डिझेल पुरत्या हवेअभावी नीट जळत नाही, काळा धूर होतो, धुराची उष्णता वाढते आणि हेडवर येते. पंप कंपनीच्या आकड्यावर आणला.

"ओढ गेली," असं ड्रायव्हर दोन दिवस म्हणत होता. लो तिसऱ्यात चढायचंच असेल तर ती जास्तीची ओढ कशाला हवी, असं मी विचारलं. तो गप्प बसला. मामांनी मात्र डिझेलचा हिशेब बघून पहिल्यांदाच मला चहा स्वतःहून मागवला.

फरक ४६.

३० मार्च

हंगाम आटोपला. शेवटच्या खेपा पहाटे काढल्या, सूर्य वर यायच्या आत घाट पार. हवा २४ आणि ३६ यांत १२ अंशांचं अंतर आहे, एवढं तर नव्या रेडिएटरनंही मिळालं नसतं. पण अंधारात चालायचं तर मागच्या ट्रॉलीला लाल रेडियम आणि चालू दिवे हवेत. बंद पडलेल्या किंवा सावकाश चालणाऱ्या उसाच्या ट्रॉलीवर मागून गाडी आदळल्याच्या बातम्या दर हंगामात येतात.

६ एप्रिल

बेळगावचा मावसभाऊ येऊन गेला. त्याची डिझेल जीप आहे, मांडवाचा जनरेटर छोट्या ट्रेलरवर घालून चोर्ला घाटातून गोव्याकडं नेतो. परतीच्या चढाला तीही तापते. पायरी थोडी वेगळी. त्याच्या गाडीत एसीचा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढं आहे, म्हणजे रेडिएटरला आधीच गरम झालेली हवा. चढावर एसी बंद, आणि काटा चढलाच तर हीटर पूर्ण चालू, पंखा जोरात. हीटर म्हणजे दुसरा छोटा रेडिएटरच, उष्णता केबिनमध्ये येते. माणसं घामाघूम होतील, इंजिन वाचेल. कंडेन्सर आणि रेडिएटरच्या मधली फट त्यानं कधी साफ केलीच नव्हती. पंख्याचा क्लच, म्हणजे तापल्यावर पंख्याला इंजिनाशी जोडणारा भाग, बघितला: तापलेलं इंजिन बंद करून पंखा हातानं फिरवला तर अडायला हवा, हा भिरभिरत राहिला. बदलायला सांगितलं.

१६ एप्रिल, तेलसंग

टँकर पाच हजार लिटरचा. पाणीच पाच टन, टँकर धरून साडेसहा, ट्रॅक्टर धरून साडेआठ. उसाच्या निम्म्याहून कमी. पण दुपारी एकला सावलीत ३९, आणि सावली शोधायला लागते.

मोकळ्या रस्त्यावर पाणी ८६. मग दुपारनंतर पश्चिमेचा वारा सुटला, आम्ही पूर्वेला चाललेलो, आणि काटा सरकायला लागला. ९३. चढ नाही, ओझं तेच. वारा आमच्याच वेगानं पाठीमागून येत होता, त्यामुळे जाळीपुढची हवा जणू थांबलेली, आणि इंजिनाची गरम हवा पुढं पुढं जात होती. परतीला, रिकामा टँकर आणि समोरचा वारा, पाणी थर्मोस्टॅटच्या आकड्यावर येऊन बसलं.

विहिरीवर पीटीओच्या (ट्रॅक्टरच्या मागच्या फिरत्या दांड्यावर चालणाऱ्या) पंपानं भरताना गाडी उभी असते. तिथं आता तोंड वाऱ्याकडं करून उभी करायची, आणि कडब्याच्या गंजीला नाक लावून कधीच नाही.

टँकर निम्मा भरून न्यायचा नाही. आतलं पाणी हेलकावतं, वळणावर गाडी खेचतं. तो विषय तापण्याचा नाही, पण लिहून ठेवतो.

१९ एप्रिल

ड्रायव्हरला काटा चढला तर काय करायचं ते पुन्हा सांगितलं, कारण इथं मी रोज बरोबर नसणार. काटा चढायला लागला की खालचा गिअर, आरपीएम तसेच. तरी चढतोय तर कडेला घ्यायची, पण इंजिन लगेच बंद करायचं नाही. ओझं सुटल्यावर चार-पाच मिनिटं मध्यम वेगानं चालू ठेवायचं, पाणी आणि हवा फिरत राहिली की हेड सावकाश निवतं. एकदम बंद केलं की पाणी जागच्या जागी उकळतं. पाणीच संपलं असेल किंवा पट्टा तुटला असेल तर मात्र ताबडतोब बंद. झाकणाला हात लावायचा नाही, नळी हातानं सहज दबेपर्यंत. ओतायचं ते इंजिन चालू ठेवून, थोडं थोडं. तापल्या हेडवर गार पाणी पडलं तर तडा जातो.

आणि काटा अचानक खाली पडला तर खूश व्हायचं नाही. सेन्सर पाण्यात बुडालेला असेल तरच खरं सांगतो. पाणी गेलं आणि तो कोरडा पडला की काटा थंड दाखवतो आणि इंजिन आत जळत असतं. हे ऐकून ड्रायव्हर चमकला. मागं एकदा त्याच्या गावच्या ट्रॅक्टरचं असंच झालं होतं म्हणाला.

११ मे

कूलंटची पातळी जवळपास तीच. टूलबॉक्समध्ये जादा पट्टा, झाकण आणि वरची नळी ठेवली आहे. जाळी दर दोन दिवसांनी मागून फुंकायची, इथली धूळ पाचटापेक्षा बारीक आहे.

आज वॉटर पंपाच्या खालच्या छिद्रातून कूलंटचा थेंब दिसला, सुकून हिरवट खूण झालेली. म्हणजे आतलं सील सुटायला लागलंय. हे छिद्र मुद्दाम ठेवलेलं असतं, एम-सील लावून बुजवायचं नाही, नाहीतर पाणी बेअरिंगमध्ये जातं. टँकरचं काम पाऊस लागेपर्यंत आहे. पंपाचं सील आणि बेअरिंग निपाणीहून मागवलं आहे, रविवारी टँकर बंद असतो तेव्हा बसवायचं.